सासरेबुवांची दोन मिनिटं

गाडीची काळजी कशी घ्यावी हे जगात फक्त एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस सासऱ्याच्या रूपाने आपल्याच घरात राहतो, हे सुनेला लग्न झाल्यापासून ऐकावं लागत होतं. ऐकवणारे अर्थात सासरेबुवाच. रोज सकाळी चहा झाला की ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरत, गाडीत बसून इंजिन सुरू करत, डोळे मिटून आवाज ऐकत आणि दोन मिनिटांनी बंद करत. गाडी जागची इंचभर हलत नसे. मग वर येऊन म्हणत, "इंजिन गरम राहिलं पाहिजे. यंत्राला सवय असावी लागते." एवढं कष्टाचं काम करून आलेल्या माणसाला कुणीतरी पाणी आणून द्यावं, ही अपेक्षा असेच.

गेल्या काही महिन्यांत या लाडक्या गाडीच्या अंगात भूत शिरलं होतं. रिमोटने दार कधी उघडे, कधी उघडत नसे. काचा रडतखडत वर जात. घड्याळ मनाला येईल तेव्हा बारावर जाऊन बसे. एकदा तर डॅशबोर्डवर ब्रेकचा, एअरबॅगचा, स्टिअरिंगचा असे सगळे दिवे एकदम लागले, आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा थाटात विझले.

सासरेबुवांनी निदान केलं. आधी रिमोटचा सेल बदलला, मग दाराचं कुलूप, मग काचेची मोटर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. एवढ्यानेही दिवे थांबेनात, तेव्हा उंटावरच्या शहाण्याला शेवटी जे सुचतं तेच त्यांना सुचलं. "हिचा हात जड आहे. मी चालवायचो तेव्हा असं कधी झालं नाही."

ते गाडी चालवायचे कधी, हे कुणी विचारलं नाही. ती रस्त्यावर काढायची तर सूनच काढी, आठवड्यातून एकदा, कोपऱ्यावरून सामान आणायला. नवऱ्याला चालवायचा कंटाळा. गॅरेजला नेऊन आणायचं तेवढं काम त्याच्याकडे होतं.

सुनेसाठी हा विनोद नव्हता. शहराबाहेरच्या औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळत होती. मुलगा शाळेत जायला लागल्यापासून ती याच संधीच्या मागे होती. तिकडे बस जात नव्हती, म्हणजे गाडी हवीच. शनिवारी दुपारपर्यंत होकार कळवायचा होता, आणि शुक्रवारी जेवताना सासरेबुवांनी गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात घातली. "गाडी आधीच आजारी. त्यात रोज इतक्या लांब, तुझ्या हातात? नोकऱ्या काय, छप्पन्न मिळतील."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो भाजीत मीठ घालून घेत होता. घरात दोन माणसांची जुंपली की त्याला नेमकं भाजीत मीठ कमी लागे.

"अण्णा, तुम्ही ताईंकडे आठवडाभर गेला होतात ना," ती म्हणाली, "तेव्हा पोहण्याच्या स्पर्धेसाठी पोराला घेऊन मी रोज गावाच्या दुसऱ्या टोकाला गाडी नेत होते. एक दिवा लागला नाही. तुम्ही आलात आणि पुन्हा सुरू झालं."

"म्हणजे मी पांढऱ्या पायाचा!" सासरेबुवा हसले. नवराही हसला. सासऱ्याचं हसणं तिने सोडून दिलं, नवऱ्याचं मात्र तिला झोंबलं.

शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट खाली गेला, पण इंजिनचा आवाज काही आला नाही. नुसतं टक-टक-टक. ती आणि नवरा खाली गेले तेव्हा सासरेबुवा लालबुंद होऊन उभे होते. "लावलीस ना वाट!" गेल्या रविवारपासून तिने गाडीला बोटही लावलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात, हे तिला आता पाठ झालं होतं. तिने फोन काढला.

"कुणाला करतेस?" नवऱ्याने विचारलं.

"मेकॅनिकला."

"अगं, आज कशाला? मी बघतो ना सोमवारी."

पडद्याचा निसटलेला हूक दोन वर्षं बघत असलेला माणूस हे म्हणत होता. तिने फोन लावला.

मेकॅनिक आला, बोनेट उघडून मीटर लावलं आणि मान हलवली. "बॅटरी संपलीय. इंजिन सुरू करताना जेवढी वीज जाते, तेवढी दोन मिनिटांत परत भरत नाही. गाडी चालली तर भरते. रोज थोडी थोडी कमी होत गेली. वीज कमी पडली की आतली सगळी यंत्रणा वेड्यासारखी वागते, नसलेले बिघाड दाखवते." मग त्याने नवऱ्याकडे बोट केलं. "पण हे मी यांना सांगितलं होतं की. काचेची मोटर बसवायला आले होते तेव्हाच. म्हटलं, मोटर ठीक आहे, बॅटरी बदला, आणि हे रोजचं सुरू-बंद थांबवा. तर म्हणाले, मोटरच बसव."

"तुला माहीत होतं?" सासरेबुवांनी मुलाला विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, अण्णा. तेवढाच तुमचा विरंगुळा."

सासऱ्यांचं तोंड उतरलेलं बघायचं, हे तिचं जुनं स्वप्न होतं. आता ते खरंच उतरलं होतं, बॅटरीमुळे नव्हे, त्या विरंगुळ्यामुळे. तिला काडीचा आनंद झाला नाही.

"आणि माझं काय?" तिने विचारलं. "रोज माझ्या नावाने शंख होत होता. नोकरी जात होती माझी."

"तू समजूतदार आहेस," नवरा म्हणाला. "म्हटलं, समजून घेशील."

इतकी वर्षं तिने आपला सगळा तिरस्कार सासऱ्यांच्या पायी खर्च केला होता. तो चुकीच्या पत्त्यावर गेला, असं तिला वाटलं. म्हातारा मूर्ख होता, पण आपलंच खरं मानून मूर्ख होता. हा सगळं जाणून होता, आणि तिच्यावर आळ येत असताना समोर बसून पोळीचे तुकडे मोडत होता. तिला राग आला नाही, किळस आली.

सासरेबुवांनी खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली. माफीबिफी काही नाही. "क्लच मात्र हलका सोडत जा," एवढं म्हणालेच. जित्याची खोड. तिने किल्ली घेतली, मेकॅनिकला नवी बॅटरी आजच बसवायला सांगितली आणि तिथेच उभं राहून कारखान्याला फोन केला. "हो, सोमवारी हजर होते."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "झालं ना सगळं नीट? उगाच ताणलंस. बरं, सोमवारी जाता जाता मला ऑफिसला सोड, तुझ्या वाटेवरच आहे."

"नाही सोडणार."

"का?"

"समजून घे," ती म्हणाली.