दहा नंबरच्या खाटेवरची मोट

कालिंदी हेर्लेकरनं दहा नंबरच्या खाटेपाशी एकतारी घेऊन भजन सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला वॉर्डात रडारड उसळली. तिला आधी वाटलं, आपलं गाणं काळजाला भिडलं. बावीस वर्षांच्या गाणाऱ्या पोरीला दुसरं काय वाटणार? पण खाटेवरच्या पिराजीची बायको चिमणाबाई "मला टाकून कुठं चालला वो धनीऽ" म्हणून ऊर बडवायला लागली, शेजारच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले, कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन धावलं, तेव्हा बाईसाहेबांचा सूर तुटला. पिराजी मात्र डोळे टक्क उघडे ठेवून सगळ्यांकडं बघत होता. मरायला काय झालं होतं त्याला? नुकताच दूध-भाकरी खाऊन पडला होता बिचारा.

समोरच्या खाटेवर आकाराम होता, गुऱ्हाळावरचा गडी, मांडीचं हाड मोडून पाय टांगलेला. तो तिथनंच ओरडला, "ओ ताई, बंद करा त्ये! आमच्याकडं मढ्यापाशी भजन बसवत्यात. डॉक्टरनं हात टेकलं म्हणून तुम्हांस्नी धाडलं, असं वाटलं की त्याच्या बायकूला!"

कालिंदीचं तोंड एवढंएवढंसं झालं. तिच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी भजन व्हायचं, वर प्रसादाला केळं मिळायचं. मढ्याबिढ्याचा संबंधच नाही! जन्म कोल्हापुरातला, आणि पन्हाळ्याच्या पायथ्याची माणसं आजाऱ्याच्या उशाशी भजन ऐकून काय समजतील, याचा पत्ता नाही. आता बोला.

ही पोरगी दवाखान्यात शिरली कशी, तेही सांगितलं पाहिजे. डॉक्टर नृसिंह बावडेकरांनी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं की लढाईतनं आलेल्या जखमी शिपायांना गाण्यानं उतार पडतो. कालिंदीनं ते ऐकलं आणि डॉक्टरांच्या दारात ठाण मांडलं. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "तीन महिने शिकाऊ म्हणून या. रोज वहीत लिहा. रोग्यांना त्रास झाला तर त्या दिवशी बंद." साल चोपन्न. गाण्यानं रोगी बरे करायला आलेली बाई गावानं कधी पाहिली नव्हती. लोक तिला 'गाणारी नर्स' म्हणत आणि मागं हसत. तिला ते कळायचं, राग यायचा, पण दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला ही हजर.

भजनाची बातमी डॉक्टरांपर्यंत जायला कितीसा वेळ! त्यांनी तिला खोलीत बोलावलं.

"अर्धांगाचा रोगी. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दोन महिने झाले, एक शब्द नाही. शनिवारी त्याचा भाऊ गाडी घेऊन येतोय. तो त्याला घरी नेईल, खाट मोकळी होईल, आणि तुमचं गाणंही तिथंच थांबेल."

"आज सोमवार आहे," कालिंदी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे पाच दिवस आहेत."

तोंडानं असं ताठ बोलली खरी, पण बाहेर येऊन तिनं ते दिवस बोटांवर परत मोजले. तिला स्वतःची काळजी होतीच. पण त्याहून पिराजीची जास्त होती, कारण एक गोष्ट तिनं पाहिली होती. आकाराम विनोद करायचा तेव्हा पिराजीच्या डाव्या गालावर हसू यायचं, आणि तेही बरोबर जागी. म्हणजे गड्याला सगळं कळत होतं! घरी नेला की सोप्यात पडून राहणार, लोक त्याच्या अंगावरनं एकमेकांशी बोलणार, आणि हा आतल्या आत सगळं ऐकत मरणार.

चिमणाबाई दिवसभर तिच्याकडं पाठ करून बसली. मंगळवारी कालिंदी सरळ तिच्यापुढं जमिनीवर जाऊन बसली. "चुकलं माझं. तुमचा जीव घाबरा केला. आता एकच सांगा, हे कधी गायचे का?"

"त्ये? गातंय कुठलं! देवळात कधी टाळ धरला न्हाई." चिमणाबाईनं हात झटकला. "मोटंवर वरडायचं तेवढं. त्ये काय गाणं न्हवं."

"मला शिकवा."

"तुम्हांस्नी?" चिमणाबाईला त्या दुःखातही हसू आलं. "बामनाची पोर मोट हाकणार व्हय?"

पण शिकवलं. दवाखान्यामागं धुण्याच्या दगडाशी दोघी बसल्या. चिमणाबाईनं स्वतः ते गाणं कधी म्हटलं नव्हतं. पण पिराजी विहिरीवर मोट हाकत गायचा आणि ती खाली उसात पाणी वळवायची, वीस वर्षं. कानात बसलेलं जातंय कुठं?

"चल रं हौश्या, चल रं पाखऱ्या, उसाच्या मुळाला तहान रंऽ..."

कालिंदीनं ते सुरेल, हळुवार, छान मुरकी घेऊन म्हटलं. चिमणाबाईनं कपाळाला हात लावला. "बैल झोपत्याली की वो! गळ्यातनं कशापायी गाताय? पोटातनं वरडा. शिवाराच्या त्या टोकाला गेलं पायजे."

दहा वर्षं गाण्याच्या गुरुजींनी जो आवाज दाबायला शिकवला, तो तिनं त्या दुपारी मोकळा सोडला. धोबी पळत बघायला आला. येईना का! तिला लाज वाटली, आणि त्याच दमात बरंही वाटलं.

बुधवारी तिनं वॉर्डात हाक मारली, "चल रं हौश्याऽ!" पिराजीची मान गर्रकन वळली. त्याचा डावा हात चादरीवर काहीतरी चाचपायला लागला. ओठ हलले, पण आवाज फुटेना. तिनं दहादा म्हटलं. त्याच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

"त्येंस्नी नाडा दिसंना," चिमणाबाई एकदम म्हणाली. "बैल उतारानं निघालं की मोटंच्या दोरावर बसायचं, मग तोंड उघडायचं. बसल्याबिगर कधी गायलंच न्हाईत त्ये."

झालं! कालिंदीनं दवाखान्याच्या विहिरीचा जुना सोल, म्हणजे जाड दोर, मागून आणला. वॉर्ड सांभाळणाऱ्या श्यामला सिस्टर दारातच आडव्या आल्या. "हा घाणेरडा दोर माझ्या खाटेवर? मुळीच नाही."

कालिंदीनं वाद घातला नाही. दोर साबणानं घासला, उकळत्या पाण्यात बुचकळला, उन्हात वाळवला आणि परत आली. सिस्टरांनी त्याचा वास घेतला, नाक मुरडलं, आणि पिराजीच्या पाठीशी स्वतःच्या हातानं उशा लावल्या.

दोराचं एक टोक खाटेच्या पायाला बांधलं. दोर मांडीखालनं काढला, दुसरं टोक डाव्या हातात दिलं. पिराजी बसला. त्यानं दोर ओढला, सैल सोडला, परत ओढला. कालिंदी त्या ओढीवर गात राहिली. गुरुवारी दुपारी त्याच्या घशातनं "हौ..." निघालं. शुक्रवारी "हौश्या रं" निघालं, आणि संध्याकाळी अख्खी ओळ, चिरक्या आवाजात, पण सुरात! आकारामनं टांगल्या पायानिशी शिट्टी मारली. चिमणाबाई सिस्टरांच्या गळ्यात पडली.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी ती ओळ शांतपणे ऐकली. मग मान हलवली. "छान आहे. पण हे पाठांतर झालं, कालिंदीबाई. पोपटही म्हणतो. स्वतःच्या मनातलं काही सांगता येतंय का याला?"

तेवढ्यात पिराजीचा धाकटा भाऊ गुंडू आला. भला माणूस, पण घाईतला. बैल दारात उभे होते. "न्यायचं न्हवं दादाला? कडबा हातरलाय गाडीत. घरात कोपरा मोकळा केलाय. आता त्याला काय कळतंय..."

डॉक्टर घरी सोडायचा कागद बघायला लागले. सिस्टर औषधं बांधायला लागल्या. गुंडू चिमणाबाईला गाठोडं आवरायला सांगत होता. चौघं बोलत होते, पिराजीच्या अंगावरनं. कालिंदी त्याच्याकडं बघत होती, आणि तिचं डोकं भडकलं. ज्याला न्यायचं त्याला कुणी विचारणार आहे की नाही? पण साध्या बोलण्यातनं विचारलं तर हा उत्तर देणार कसं! त्याच्या तोंडाला तर एकच वाट फुटलेली.

तिनं दोर त्याच्या मुठीत कोंबला आणि त्याच चालीत, शिवाराच्या टोकाला जाईल असा प्रश्न टाकला, "काय वो दादाऽ, जायचं का घरला, सांग रंऽ!"

पिराजीनं दोर ओढला. मानेच्या शिरा फुगल्या. एकदा ओढला, काही नाही. दुसऱ्यांदा ओढला, नुसता वारा. कालिंदीनं परत हाक दिली. तिचा आवाज फाटला, तरी दिली.

"न्हाय... रंऽ..." पिराजीच्या तोंडातनं निघालं, मोटेच्या चालीत. सगळे त्याच्याकडं वळले. त्यानं डॉक्टरांकडं पाहिलं नाही, कालिंदीकडं पाहिलं नाही. भावावर डोळे रोखले आणि एकेका ओढीला एकेक शब्द वर काढला.

"गुंड्या... रंऽ... मोट... तू... हाक... रंऽ... मी... बोलाय... शिकून... येतोऽ..."

डॉक्टरांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. गुंडू दोन महिन्यांत पहिल्यांदाच खाटेशी वाकला आणि भावाच्या तोंडाकडं बघून म्हणाला, "व्हय दादा. हाकतो की."