पंख्याखालची म्हैस

सुंदरराव गुरुजींनी टेपची कडी दाराच्या कोयंड्यात अडकवली आणि टेप उलगडत ते पाठमोरे मागं सरकत गेले. पाठीला काहीतरी ऊबदार लागलं म्हणून वळून बघितलं, तर म्हैस.

खिडकीच्या गजाला तिला बांधलेलं होतं. पुढ्यात कडबा, पायाखाली आरशासारखी फरशी. या फरशीवर उभं कसं राहायचं हे तिला अजून उमगलेलं दिसत नव्हतं. एक पाय उचलायची, तो घसरायचा, की बिचारी पुन्हा चारी पाय रोवून, पहिल्या दिवशी शाळेत आणून सोडलेल्या पोरासारखी निमूट उभी राहायची. तिच्या डोक्यावर पांढरा पंखा संथपणे फिरत होता.

"हा गोठा हाय, गुरुजी," केदारनाथ अप्पा म्हणाले. "गोठाच लिवा."

दाराच्या चौकटीला टेकून शेजारचा सिद्धाराम उभा होता. समोरच त्याचं किराणा दुकान. पण आज गिऱ्हाईक सोडून तो इथली गंमत बघायला आला होता.

"अप्पा, म्हशीला पंखा कावून लावला बे?"

"उकाडा लागतो तिला."

"डिसेंबरात?"

"वडवणीच्या बाजारातून आणलीय. नाजूक हाय."

गुरुजींना हसू आलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि ते सदऱ्याच्या टोकानं जरा जास्तच वेळ पुसत बसले.

नगरपालिकेच्या तिजोरीत त्या वर्षी नुसता खडखडाट होता. पंपाचं बिल थकलं म्हणून वीज तोडली गेली होती आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. झाडूवाल्यांचा पगार दिवाळीपासून झाला नव्हता. आता दोनच वाटा उरल्या होत्या. घरं नव्यानं मोजून घरपट्टी वाढवायची, नाहीतर खर्च कापायचा, म्हणजे गावातल्या चारपैकी दोन शाळा बंद करायच्या. राहत्या खोल्यांना पट्टी लागायची, गोठ्याला नाही. त्या दोन शाळांत गुरुजींची शाळा होती. सोमवारच्या सभेत काय ते ठरणार होतं. मोजणीला वेगळी माणसं लावायला पैसे कुठले? तेव्हा जनगणना आणि मतदार याद्यांसारखं हेही काम मास्तर लोकांच्या गळ्यात पडलं होतं.

वाढीव पट्टीच्या विरोधात गावात सगळ्यात मोठा आवाज केदारनाथ अप्पांचा. सरकी-पेंडीचे व्यापारी आणि या गल्लीचे नगरसेवक. चौकात उभे राहून ते म्हणायचे, "दिल्लीवाले म्हनतेत धंदे-बिंदे सगळं मोकळं करा, अन् आपली नगरपालिका घरं मोजायली!" लोक टाळ्या वाजवायचे. अप्पांच्या घराचं जे माप निघेल त्यावरच बाकीच्या गल्लीची मापं ठरणार, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

आणि त्यांची लेक अपेक्षा गुरुजींच्या वर्गात चौथीला होती. शाळा सातवीपर्यंतची. ती बंद झाली तर पोरांनी हमरस्ता ओलांडून बसस्टँडमागच्या शाळेत जायचं, असं ठरलं होतं. अपेक्षाची आई वनमालाबाई गेल्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी येऊन गुरुजींना सांगून गेली होती, "हे म्हनतेत पोर रस्ता वलांडून जायची न्हाई. चौथी लई झाली." एवढंच बोलून पदर सावरत ती निघून गेली होती. गुरुजी तेव्हापासून नीट जेवले नव्हते.

"तुमचा इस्वास बसंना व्हय?" अप्पांनी आता आवाज चढवला. "मग पोरीला इचारा. तुमचीच शिकवलेली हाय. तुमच्याशी खोटं बोलती का ती? ये गं इकडं. सांग गुरुजींना, हितं कोन ऱ्हातं?"

आतल्या दारातून अपेक्षा दोन पावलं पुढं आली. तिनं वडिलांकडं बघितलं, मग गुरुजींकडं. तोंड उघडलं आणि मिटलं. उजव्या पायाच्या अंगठ्यानं ती फरशीवर रेघ ओढू लागली. सकाळपासून घरात तिला काय पढवलं असेल ते गुरुजींना दिसत होतं. चार वर्षं शाळेत काय शिकवलं तेही ते जाणून होते. दोन्ही शिकवण्या त्या एवढ्याशा चेहऱ्यावर एकमेकींना ढकलत होत्या.

गुरुजींनी आता फक्त गप्प राहायचं होतं. घटकाभरात खरं काय ते आपोआप तिच्या तोंडातून पडलं असतं. साक्षीला सिद्धाराम होताच.

पोरीची हनुवटी थरथरली.

"तिला काही विचारू नका, अप्पा," गुरुजी म्हणाले. "मी गोठा लिहितो."

आणि त्यांनी लिहिलंही. पेन्सिलीचा आवाज खोलीभर ऐकू आला. म्हशीनं शेपटी हलवली.

"अप्पा," सिद्धाराम खूश होऊन म्हणाला, "सांजच्याला म्हैस आमच्याकडं धाडा बरं का. आमाला बी गोठा करायचाय."

"भाडं पडंल बे."

दोघं खळखळून हसले. अपेक्षा मात्र मान खाली घालून तशीच उभी होती. गुरुजींनी वही काखेत धरली. जायला निघावं तर पाय निघेना. त्या खाली गेलेल्या मानेकडं पाठ करून कसं जायचं?

"गोठा झाला तरी लांबी-रुंदी लागतेच," ते म्हणाले. "अपेक्षा, टेप धर बाळ. तू मोज. मी नुसता उभा राहतो."

तिनं टेप हातात घेतला. आधी बळेच, मग जरा सरळ उभं राहून. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. म्हशीच्या पोटाखालून टेप सरकवताना तिनं म्हशीला "हो, हो" केलं, तेव्हा गळ्यातला आवाज मोकळा झाला. गुरुजींनी खिशातला खडू काढून तिच्या हातात दिला. फरशीवरच उकिडवी बसून ती मोठ्यानं म्हणू लागली.

"चोवीस आणि पंधरा. चोवीस दाहे दोनशे चाळीस. त्याचे निम्मे एकशे वीस. तीनशे साठ!"

"काय तीनशे साठ?" अप्पांनी विचारलं.

"चौरस फूट. फूटभर लांब, फूटभर रुंद असे तीनशे साठ तुकडे मावतात इथं, अप्पा."

अप्पांच्या कपाळावर आठी पडली. ते खाली फरशीकडं बघू लागले. ओठ हलत होते. दुकानात तोंडी हिशेब करताना हलायचे तसेच.

"आरं तिच्या!" ते एकदम ओरडले. "तीनशे साठच फरशा लागल्या हितं! फुटाची फरशी. मी सोता सोलापूरहून मागवल्या. तीनशे साठाचे पैसे मोजलेते!"

"गोठ्याला सोलापूरची फरशी?" सिद्धाराम म्हणाला.

पण अप्पांना काही ऐकू येत नव्हतं. ते लेकीपुढं उकिडवे बसले होते.

"एक बी फरशी न मोजता कसं कळलं गं तुला?"

"मोजायचं कशाला? गुणायचं."

"आन् खोली वाकडी असली तर?"

"वाकडी कशी?"

"आता कशी सांगू. एका कोपऱ्यात जिना घुसलाय, तेवढा तुकडा कापल्यावानी."

"मग एकदम न्हाई मोजायची," अपेक्षानं हातानं हवेत रेघ मारली. "आधी तिचे सरळ सरळ तुकडे करायचे. तुकडे मोजायचे आणि बेरीज. गुरुजी म्हणतात, अवघड दिसलं की घाबरायचं न्हाई, त्याचे सोपे तुकडे करायचे."

अप्पा सहावीत असताना दुकानावर बसले ते कायमचे. रुपये-पैशात त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं. पण फूट आणि चौरस फूट निघाला की त्यांना मिस्त्रीच्या तोंडाकडं बघावं लागायचं. ते उठले. धोतर झटकलं. कोपऱ्यात पेंडीची पोती छतापर्यंत रचली होती, तिकडं गेले.

"सिद्धाराम, बघतो काय बे? हात लाव."

"कशाला?"

"लाव म्हनलं ना."

दोघांनी मिळून पोती बाजूला केली. एकेक पोतं हललं तशी मागून जिन्याची एकेक पायरी दिसू लागली. वनमालाबाई चहाचा ट्रे घेऊन आतून आली आणि तिथंच थबकली.

"अहो, वर कुटं निघालाव?" तिनं डोळे मोठे करून नवऱ्याला खूण केली. "अहो!"

"गप बस. पोरगी मोजायलीय." अप्पांच्या अंगाला पेंडीचा भुसा लागला होता. "वरच्या खोलीत त्या मिस्त्रीनं मला एकशे ऐंशी फरशा लावल्यात. दोन वर्सं झाली, मनात खटकायलंय. आज होऊन जाऊ दे. चला गुरुजी."

गुरुजींनी पेन्सिल कानावर ठेवली आणि ते मागोमाग जिना चढले.

वर खालच्या हॉलचं सगळं सामान येऊन पडलं होतं. सोफा भिंतीशी उभा केलेला, रंगीत टीव्हीवर चादर, टीव्हीवर परळीच्या वैजनाथाची तसबीर. अपेक्षानं त्यातून वाट काढली. टेपचं दुसरं टोक धरायला या वेळी अप्पा स्वतः खाली बसले. "घट्ट धरा अप्पा, ढिला सोडला की माप चुकतं," ती म्हणाली, आणि गल्लीभर ज्याचा आवाज घुमायचा तो माणूस "बरं, बरं" म्हणत दोन्ही हातांनी टेप भिंतीला दाबून बसला.

बारा दाहे एकशे वीस. साही चोक चोवीस. जिन्याच्या तुकड्यापाशी ती जरा अडली. खडू ओठाला लावून बसली. अप्पांनी काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, तर गुरुजींनी हातानंच त्यांना थांबवलं.

"एकशे चव्वेचाळीस."

अप्पांनी बोटांवर वजाबाकी केली. मग पुन्हा केली.

"छत्तीस फरशा खाल्ल्या त्या मिस्त्रीनं!" ते मटकन सोफ्याच्या कडेवर बसले आणि मांडीवर थाप मारून हसू लागले. पैसे बुडालेला माणूस इतका आनंदानं हसलेला गुरुजींनी कधी बघितला नव्हता. "छत्तीस! दोन वर्सं मला कळंना, आन् हिला चिमूटभर खडूनं कळलं."

हसता हसता त्यांची नजर गुरुजींच्या काखेतल्या वहीवर गेली. हसू हळूहळू थांबलं. त्यांनी खोलीभर बघितलं, सोफा बघितला, जिन्याकडं बघितलं. दाराशी वनमालाबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

गुरुजींनी वही उघडली नाही. पेन्सिलही कानावरून काढली नाही.

"हे शाळेचं गणित झालं, केदारनाथ," ते हलकेच म्हणाले. चारचौघांत ते अप्पांना अहोजाहो करत. आता नुसतं नाव तोंडात आलं. "नगरपालिकेचं माप मी खालीच घेतलं."

अपेक्षा खडूचे हात फ्रॉकला पुसत होती. अप्पा तिच्याकडं बघत राहिले.

"गुरुजी, पाचवीला काय असतं?"

"गणितात ना? अपूर्णांक येतात, टक्केवारी येते. पुढं घनफळ. टाकीत पाणी किती मावतं ते काढायचं."

"टक्केवारी बी येती?"

"पोराला कळली की आयुष्यात कोणी व्याजात फसवत नाही."

अप्पांनी मान हलवली. मग विचारलं, "हे समदं ह्याच शाळेत? रस्त्याच्या अलीकडं?"

"शाळा राहिली तर."

"मग खालचं गोठा खोडा, आन् हे बी लिवा," म्हणत अप्पा उठले. खिडकीशी जाऊन त्यांनी दोन्ही फळ्या उघडल्या. खाली सिद्धाराम रस्ता ओलांडून लगबगीनं आपल्या घराकडं निघाला होता.

"ए सिद्धाराम! कुटं पळतो बे? थांब तिथंच. काय झाकू नको, काय हलवू नको. चहा पिऊन आमी तिकडंच येयलाव. माझी पोरगी येयलीय मोजायला."