सिद्धाराम अप्पांचा फुगा

बाजार खुला झाला, तसं नेकनूरच्या चौकात आधी बाटलीतलं काळं पाणी आलं, मग गच्चीगच्चीवर केबलची छत्री आली, आणि सगळ्यात शेवटी सिद्धाराम अप्पांच्या दारात फुग्याची गाडी आली. गाडी परदेशी बनावटीची. पुण्याच्या कुणा कारखानदाराने मनसोक्त वापरून टाकलेली. पण 'जुनी' हा शब्द अप्पांच्या तोंडून कधी निघाला नाही. ते म्हणायचे, "वापरून खात्री झालेली गाडी हाय."

अप्पांचं दुकान विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचं. तांब्याची तार गुंडाळण्यात हयात गेली, आणि ज्यात तार आहे त्यातलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची पक्की समजूत झाली. त्यांनी भरलेल्या मोटारी चालायच्याही. काही महिनाभर चालायच्या.

फुगा होता स्टेरिंगच्या पोटात. गाडी कशाला धडकली की फट्‌दिशी फुगायचा आणि माणूस वाचायचा. अप्पांनी ही गोष्ट आठवडी बाजारात सांगितली, बारशात सांगितली, मयतीला गेले तिथेसुद्धा सांगितली. मेलेला माणूस बैलगाडीखाली आला होता, त्याला फुग्याचा काय उपयोग होता, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. एकाने एवढंच विचारलं, "फुगून दाखवा की." अप्पा म्हणाले, "त्यासाठी धडकावं लागतंय, बे." "मग धडकवा की!" त्या माणसाशी अप्पा पुढे बोलले नाहीत.

समोरच्या काचेखाली एक लाल दिवा होता. त्यात एक माणूस बसलेला, आणि त्याच्या पोटापुढे मोठा गोळा. अप्पांच्या बायकोने, मल्लम्माने तो पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई, हा गडी पोटुशी दिसतोय!" गाडीची पूजा झाल्यापासून तो दिवा गाडी चालू असेपर्यंत जळत असायचा. अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला बोट दाखवून सांगायचे, "बघा, फुगा जागा हाय." लोक वाकून बघायचे आणि माना डोलवायचे. जागा आहे म्हणल्यावर आहे.

आता खरी गोष्ट. अप्पांची लेक रोहिणी अंबाजोगाईला दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण व्याही सोमेश्वर हे कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर हरकती काढल्या, आता कागद संपले तर घरच्या माणसांवर काढत होते. म्हणे, "अंबाजोगाईत एवढा मोठा सरकारी दवाखाना सोडून नेकनूरला न्यायचं? अन् रस्ता बघितलाय का? भाड्याच्या जीपमधून पोरीची हाडं ढिली होतील." काळजी ऐकून डोळ्यांत पाणी यावं. पण ओटीभरणाला गेलेल्या मल्लम्माने वेगळंच पाहिलं होतं. गल्लीच्या टोकाला हौद, आणि डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन खेपा करणारी आपली पोटुशी पोर. तिच्या बोटांना घट्टे पडलेले. रस्त्याची काळजी वाहणाऱ्या सोमेश्वररावांना हौदाचा रस्ता कधी खराब दिसला नव्हता.

तेव्हापासून मल्लम्माच्या घशाखाली घास उतरत नव्हता. "काई करा, पण माझी पोर आणा," एवढंच तिचं चालायचं. अप्पांनी फोनवर फोन केले. शेवटी त्यांनी ठेवणीतलं काढलं, "व्याही, आमच्या गाडीत फुगा हाय! रस्ता कसाबी असू द्या."

 सोमेश्वरराव म्हणाले, "फुगा असंल तर सोमवारी या अन् न्या. पण माझा पुतण्या पुण्याला मोटारीच्या कारखान्यात हाय. तो म्हणतो, समोर लाल दिवा जळत असंल तर फुगा मेलेला समजायचा. मी सोता बघणार. दिवा दिसला, तर पोरगी हलणार न्हाई."

"आमच्या गाडीत तसलं काई न्हाई," अप्पा हसून म्हणाले. फोन ठेवला, बाहेर आले, किल्ली फिरवली. पोटुशी गडी लालभडक होऊन त्यांच्याकडे बघत होता.

इतके दिवस सगळ्या गावाला आपण मेलेला फुगा जागा म्हणून दाखवत होतो, हे कळल्यावर दुसरा माणूस खाली बसला असता. अप्पा मात्र शर्टाच्या बाह्या सारून तयार. मल्लम्मा म्हणाली, "पुण्याला दाखवा." अप्पा भडकले, "पुण्याला कावून? तारच हाय ना? तार म्हंजे माझं खातं."

रविवारी अंगणात कडुलिंबाखाली दवाखाना सुरू झाला. गाडीसोबत आलेलं जाड इंग्रजी पुस्तक वाचायला शेजारचे निवृत्ती गुरुजी बोलावले. गुरुजी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. चष्मा पुसून त्यांनी आधी फुग्याची तेवढी पानं काढली आणि म्हणाले, "अप्पा, ह्यात लिहिलंय, गाडी कंपनीच्या अधिकृत दुकानात न्या."

"फुडं?"

"फुडंबी तेच. प्रत्येक रोगाला हेच औषध हाय."

"मग पुस्तक छापलं कावून?"

 गुरुजींनी पुढचं वाचलं, की पिवळ्या तारांना हात लावण्याआधी बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबावं. अप्पांनी कुरकुरत बॅटरी काढून पायरीवर ठेवली, चहा घेतला, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. हाताला काहीतरी गोल लागलं. ओढून बाहेर काढलं तर लाल फडक्यात बांधलेला नारळ. पूजेच्या दिवशी मल्लम्माने गाडीला नजर लागू नये म्हणून ठेवलेला. ब्रेक लागला की नारळ घरंगळायचा, म्हणून तिने फडक्याची गाठ हाताशी आली त्या तारेला मारलेली. तार पिवळी. सीटच्या पट्ट्याकडे जाणारी. नारळाच्या हिसक्यांनी तिची जोडपिन सुटून लोंबत होती.

"सापडला चोर!" अप्पा ओरडले. "माझा फुगा हिनं मारला!"

"नजर तर न्हाई लागली ना?" मल्लम्मा म्हणाली. 

अप्पांनी पिन खटकन बसवली, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. दिवा जळतच होता. गुरुजींनी पान उलटलं. "हे बघा, दोष गेला तरी गाडीच्या ध्यानात राहतो म्हणे. यंत्र लावून तो पुसावा लागतो. म्हंजे दुखणं बरं झालंय, अप्पा. आता हात लावू नका. नुसतं कुठं तरी पुसून आणा."

"आज रविवार, उद्या सोमवार, अन् हे यंत्र पुण्यात. गाडीला काय ध्यान राहतंय बे? ती काय सासू हाय? अजून कुठं तरी तार तुटली असंल."

"अन् इथं ठळक लिहिलंय, फुग्याची तार कुठल्याबी उपकरणानं तपासू नका."

"ते अडाण्यांसाठी."

बॅटरी पुन्हा सोडली. स्टेरिंगखालचं झाकण उघडलं. मग अप्पांनी दुकानातून आपलं ब्रह्मास्त्र आणलं. होल्डरमध्ये बल्ब, त्याला दोन वायरी, आणि जोडीला ट्रॅक्टरची बॅटरी. जिल्ह्यातली प्रत्येक मोटार त्यांनी ह्याच बल्बवर तपासलेली. बल्ब पेटला तर तार शाबूत, नाही पेटला तर तुटलेली. विजेचा धोका नको म्हणून गाडीची बॅटरी काढून ठेवायची आणि ट्रॅक्टरची तिच्यापेक्षा मोठी बॅटरी आणून लावायची, यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही. गुरुजी मात्र पुस्तक घेऊन ओट्यावर जाऊन उभे राहिले. शिकलेल्या माणसाला पळायचं कधी ते कळतं.

अप्पा दारातून आत वाकले, डोकं स्टेरिंगच्या खाली, आणि फुग्याच्या तारेच्या पिवळ्या पिनेत दोन्ही वायरी टेकवल्या.

धडाम!

कडुलिंबावरचे कावळे उडाले. गाडीतून पांढरा धूर निघाला. अप्पांची टोपी छताला आपटून मागच्या सीटवर जाऊन बसली. मल्लम्मा छाती पिटत धावली, "अगं बाई, गेले की हो!" धुरातून अप्पा बाहेर आले, भुवयांपर्यंत पिठात घोळलेले, कानात शिट्टी वाजत असलेले. स्टेरिंगच्या पोटातून पांढरी पिशवी बाहेर लोंबत होती, खाटकाकडच्या कोठ्यासारखी.

"अप्पा," ओट्यावरून गुरुजींनी विचारलं, "बल्ब पेटला का?"

 तार शाबूत होती. फुगाही शाबूत होता. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत.

मग जे झालं ते सांगायलाही लाज वाटावी. मल्लम्माने रडत रडत पिशवीची घडी घातली, ती स्टेरिंगमध्ये कोंबली, आणि गोधडीच्या दाभणाने फाटलेलं झाकण शिवलं. वर अप्पांनी काळं पॉलिश फासलं. दिव्याचा बंदोबस्त त्यांनी फार सोपा केला. समोरचा पत्रा खोलून बल्बच उपटून खिशात टाकला. किल्ली फिरवली. पोटुशी गडी नाहीसा. "झाली का न्हाई दुरुस्त?" अप्पा म्हणाले. गुरुजी पुस्तक ओट्यावर ठेवून घरी गेले.

सोमवारी अप्पा धुतलेलं धोतर नेसून अंबाजोगाईला हजर. रोहिणी दारात उभी होती, डोळ्यांखाली काळं, पायांना सूज. अप्पांनी तिच्याकडे बघितलं, पण आधी गाडीचं उरकायचं होतं. सोमेश्वरराव वाचायचा चष्मा लावून, एखाद्या कचेरीची तपासणी करावी तसे ड्रायव्हरच्या सीटवर बसले. किल्ली फिरवली. वाट पाहिली. बंद केली, पुन्हा फिरवली.

"दिवा न्हाई," अप्पा छाती काढून म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. दिवा न्हाई." सोमेश्वररावांच्या चेहऱ्यावर चूक सापडलेल्या हेडक्लार्कचं समाधान पसरलं. "पुतण्या म्हणतो, चांगल्या गाडीत दिवा आधी लागतो अन् मग विझतो. तुमचा लागलाच न्हाई. अन् अप्पा, हे स्टेरिंग दोऱ्यानं शिवलंय का हो?"

"शोभेला हाय ते," अप्पा म्हणाले. 

"फुगा मेलाय, अप्पा. पोटातल्या पोराची जोखीम मी घेणार न्हाई. चला, चहा घ्या अन् निघा."

 अप्पांनी आता मल्लम्माला काय तोंड दाखवायचं? ती चूल सारवून, बाजेला नवी सुंभं आवळून बसली होती. 

तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं. रोहिणी पिशवी आत टाकून, एक हात पोटावर धरून सीटवर बसली.

"मामंजी," ती म्हणाली, "फुगा कुठं असतोय?"

"स्टेरिंगमध्ये."

"अन् स्टेरिंगपुढं कोण बसतंय?"

सोमेश्वरराव अजून तिथेच बसलेले. त्यांनी स्टेरिंगकडे पाहिलं, मग आरशातून मागे पाहिलं.

"मी मागं बसणार हाय. मागं फुगा कवाच नव्हता. मेला काय अन् जगला काय, मला काय फरक पडतोय? उतरा तुमी. अप्पांना बसू द्या."

सून आजवर त्यांच्यापुढे एवढं बोललेली नव्हती, आणि या मुद्द्यावर काढायला हरकत त्यांना सापडेना. कचेरीत नियम कधी असा उलटून अंगावर आला नव्हता. ते उतरले. चष्मा काढून पुसत राहिले.

गावाबाहेर आल्यावर अप्पांना कंठ फुटला. प्रत्येक खड्ड्याला ब्रेक मारत ते म्हणाले, "एवढं डोकं हाय तुला! मग फोनवर कावून न्हाई सांगितलंस? मी तिकडं फुग्याच्या मागं जीव काढत होतो."

"फोन मामंजींच्या खोलीत हाय, अप्पा. ते शेजारी बसूनच मला देतेत." रोहिणी खिडकीबाहेर बघत होती. "अन् तुमी तरी काय विचारायचात? व्याही काय म्हणतेत, फुग्याचं सांगितलं का त्यांना, रस्त्याचं काय म्हणले. दर बारीला हेच. मी कशी हाय, हे तुमी एकदाबी विचारलं न्हाई."

अप्पांनी गाडी बाभळीखाली घेऊन बंद केली.  मग मागे वळले. लेकीच्या तोंडाकडे बघायला त्यांना धीर होत नव्हता, तरी बघितलं.

"कशी हायस, माय?" त्यांनी विचारलं.

रोहिणीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला रडूच फुटलं.