पाचपैकी पाच

मी एक शॉर्टवेव्ह रेडिओ. गाणी लावायचा नव्हे, समुद्रापार बोलणं नेणारा-आणणारा. माझे मालक चष्मे विकतात. त्यांनी मला सुटे भाग जमवून जोडलं आणि छपरावर तार ताणली. पहिल्यांदा परका आवाज आला, तेव्हा ते खुर्चीतून उभेच राहिले होते.

आम्हा हौशी रेडिओवाल्यांची एक रीत आहे. समोरच्याचा आवाज कसा येतोय, ते आधी त्याला सांगायचं. पाचपैकी पाच म्हणजे लख्ख. मालक भिडस्त. नुसती खरखर आली तरी म्हणायचे, "पाचपैकी पाच!"

दूरदेशीचा एक बेकरीवाला त्यांचा जुना दोस्त. कधी भेट नाही, पण रविवारची दुपार चुकायची नाही.

त्या रविवारी हवा वाईट होती. खरखरीतून 'बायको' एवढा एकच शब्द माझ्यापर्यंत पोचला. मालक खुशीत म्हणाले, "वा, वा! पाचपैकी पाच! वहिनींना नमस्कार सांगा."

मग बेकरीवाल्याने रीतसर निरोप घेतला.

संध्याकाळी तिसऱ्याच देशातला एक ट्रकवाला माझ्यावर बोलायला आला. त्याला ते बोलणं स्वच्छ ऐकू गेलं होतं. "अरे, त्याची बायको गेली म्हणून सांगत होता तो! आणि तू नमस्कार कसले पाठवतोस?"

मालकांनी मला बंद केलं आणि माझ्यावर टॉवेल टाकला. तोंड माझं झाकायचं होतं की त्यांचं, कोण जाणे. शब्द वाटेत सांडले ते माझ्याकडून. टॉवेलाखाली मीही मान खाली घालून बसलो. कित्येक रविवार तसेच गेले.

"अहो, तो वाट बघत असेल," मालकीणबाई म्हणाल्या.

"कुठल्या तोंडानं बोलू?"

"खोटं बोललात ना, त्याच. दुसरं कुठून आणणार?"

आज टॉवेल निघाला. मालकांनी बटण दाबलं. "त्या दिवशी मला तुझं काहीच ऐकू आलं नव्हतं. भिडेपोटी पाच म्हणालो. माझं चुकलं."

खरखर. मग दुरून, बारीक आवाज: "पाचपैकी दोन. नीट कळलं नाही. पुन्हा सांग."

मालकांनी डोळे पुसले. ते आता पुन्हा सांगताहेत, सावकाश, एकेक शब्द सोडवून.

देवा, एवढी दहा मिनिटं हवा धरून ठेव.