बाकी एक

"काकू, तुमच्या यादीत अजून एक नाव लोंबकळतंय," साहेब टेबलाशी येऊन म्हणाले. "अकरा महिने झाले. आज संपवा. नाहीतर मी लावतो फोन."

"नको, नको. मीच लावते," काकू घाईघाईने म्हणाल्या.

काकू म्हणजे इंटरनेट कंपनीच्या त्या कचेरीतल्या सगळ्यांत जुन्या बाई. लोकांच्या घरी भिंतीवर तो डबा असतो ना, मोडेम आणि राउटर एकातच असलेला, त्याच्या आतलं सॉफ्टवेअर जुनं झालं की कंपनी इथे बसून बदलते. रात्री दोन वाजता. घरमालकाला कोण विचारतो! ज्या डब्यांत नवं उतरत नाही, त्यांची यादी काकूंकडे येते. मग गिऱ्हाइकाला फोन करायचा, गोड बोलायचं आणि दिवसाउजेडी कळ दाबायची. हजारोंची यादी झिजत झिजत एकावर आली होती.

आणि तो एक म्हणजे काकूंचा सख्खा मोठा भाऊ.

दादा रात्री नऊला डब्याचं बटण बंद करतो आणि सकाळी सहाला चालू. दोन वाजता कंपनीने कितीही दार ठोठावलं तरी आत कोण असणार? म्हणून त्याची ओळ यादीत राहिली होती. काकू कचेरीत आल्या की आधी तीच ओळ बघायच्या. डबा चालू होऊन ती हिरवी दिसली की दादा उठलाय, बरा आहे. मागे एकदा तीन दिवस हिरवी झाली नाही, तर काकूंच्या घशाखाली घास उतरला नव्हता. चौथ्या दिवशी झाली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. सॉफ्टवेअर उतरलं की ओळ पुसली जाणार होती. कळ तर काकूंच्याच बोटाखाली होती. अकरा महिने त्यांनी ती दाबली नव्हती, झालं!

आठ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. चूक काकूंचीच. आईचं आजारपण दादाने एकट्याने काढलं, आणि ही बया पाहुण्यासारखी येऊन म्हणाली, "घर मिळायचंय म्हणून करतोयस सगळं." बोलून गेली खरी. दादा भांडला नाही. पण आई गेल्यावर त्याने फोनचा नंबर बदलला. नवा नंबर कंपनीच्या पडद्यावर रोज समोर असायचा, पण कुठल्या तोंडाने लावायचा?

आज काम होतं. काकूंनी कचेरीचा फोन उचलला.

"हॅलो?" आवाज म्हातारा झाला होता.

"नमस्कार सर, इंटरनेट कंपनीतून बोलतेय." काकू कामाच्या आवाजात, ठरलेली वाक्यं एकापुढे एक बोलत गेल्या.

दादाने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे डबा माझ्या घरात, वीज माझी, आणि त्याच्या पोटात काय घालायचं ते तुम्ही ठरवणार?"

"हो, सर. कंपनी ठरवते."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"नको म्हणायची सोय नाही, सर."

"मग विचारता कशाला?" दादा हसला. तेच हसू, नाकातल्या नाकात. काकूंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"विचारलेलं बरं असतं, सर. न विचारता, न समजून घेता माणूस काहीतरी करून बसतो." हे वाक्य कंपनीच्या कागदावर नव्हतं. काकू गडबडल्या आणि पुढे म्हणाल्या, "तुम्ही रात्री बंद का करता?"

"एकटा माणूस मी. दिवा लुकलुकत राहतो, उगाच वाटतं घरात कोणी जागं आहे. त्यापेक्षा अंधार परवडला. दाबा तुमची ती कळ. होऊन जाऊ दे."

"एक राहिलं, सर. तुम्ही फोन उचलला नाहीत तर कळवायला जवळच्या कुणाचा नंबर लागतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बहीण आहे एक. तिचा लिहा." आणि दादाने दहा आकडे सांगितले, कुठेही न अडखळता.

नंबर गिऱ्हाइकाला परत वाचून दाखवायचा असा नियम. काकूंनी स्वतःचाच नंबर वाचला.

"बरोबर," दादा म्हणाला. "जुना आहे हो. मी कधी लावून पाहिला नाही. लागतो का अजून, तुम्हाला कळतं का तिथे?"

काकूंचं तोंड उघडलं. 'दादा' ओठांवर आलं होतं. आसपास चार माणसं कामं करत होती, आणि फोनमधून दादाचा श्वास ऐकू येत होता.

"लागतो, सर," त्या म्हणाल्या. "कधीही लावा. उचलतील त्या."

"बरं," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

काकूंनी कळ दाबली. ओळ थोडा वेळ पिवळी झाली, मग गेली. साहेबांनी लांबूनच विचारलं, "झालं का, काकू?"

"झालं," काकू म्हणाल्या, आणि पर्समधून मोबाइल काढून कोऱ्या पडद्यासमोर ठेवून बसल्या.