रडणाऱ्या आंब्याचं पोट

सालुदच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सान लुकास गावातली शंभरेक माणसं आंब्यासमोर गुडघे टेकून बसली होती. होडीतून आलेल्या आपो लिबोरियोनं, म्हणजे मंत्रतंत्र करणाऱ्या बाबानं, बुंध्याला मेणबत्ती चिकटवली, डोळे मिटले आणि तो लॅटिनसारखं वाटणारं काहीतरी पुटपुटला. थोड्या वेळानं साल ओली झाली. मग थेंब, मग बारीक धार.

"रडला! झाड रडलं!"

"रडेल नाहीतर काय?" आपो गरजला. "वादळ निघालंय, त्याला कळतं! ज्या झाडाला माझा लाल दोरा, त्याचं पानही गळणार नाही. पण कोयता लावलात, तर संरक्षण गेलं. मग माझ्या नावानं बोंब मारू नका!"

एका दोऱ्याला एक कोंबडी, असा भाव होता. आपोची होडी खुराड्यांनी भरत आली होती.

कुंपणापाशी सालुदची धाकटी बहीण पुरीता उभी होती. ती गावच्या शाळेत शिकवायची. वादळ दोन दिवसांवर आल्याचं रेडिओ सकाळपासून सांगत होता. एरवी अशा वेळी गावभर कोयत्यांचा आवाज चालायचा. वाळक्या फांद्या उतरायच्या, नारळ काढले जायचे, दाट झाडं विरळ केली जायची, म्हणजे वारा आरपार जातो. यंदा सगळं चिडीचूप. आंब्याची जाड फांदी सालुदच्या छपरावर आली होती, आणि छपराखाली सालुदचा नवरा तेओदुलो तीन वर्षं अंथरुणाला खिळून होता.

सालुदनं झाडाच्या पाण्याची बाटली दाखवली. "ह्यांच्या पायांना चोळणार आहे."

पुरीतानं बाटली उजेडात धरली. "मानाय, ह्यात डासांच्या अळ्या वळवळतायत."

"थोरल्या बहिणीला शिकवू नकोस. शाळेत शिकव."

पुरीतानं बुंधा ठोकून पाहिला. खाली ठक्क वाजलं, वर मात्र ढब्ब. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती शिडी लावून चढली. दोन फांद्या फुटतात तिथं, नेच्यांच्या आड, काळ्या पाण्यानं भरलेली ढोली होती. कपड्यांची नीळ तिनं त्यात रिकामी केली.

त्या दिवशी आपोनं मेणबत्ती लावली आणि झाड निळं रडलं.

पुरीता पुढं झाली. "ही नीळ मी—"

"देवमातेच्या झग्याचा रंग!" आपो ओरडला, आणि गर्दी जमिनीला टेकली. बायका हुंदके देऊ लागल्या.

पुरीता बुंध्यापाशी गेली. तिनं केसांतला आकडा काढून धार येत होती तिथलं भोक खरवडलं. "हे बघा, मेणाचं बूच! मेणबत्तीनं वितळतं. हा रोज नवं लावतो."

"मेणबत्तीचं मेण ओघळणारच, बाई," आपो हसला. लोकही हसले.

पुरीता बहिणीकडं वळली. "मानाय, माझं ऐकू नकोस. ह्याचंही नको. चढ आणि वर हात घाल."

सालुद चढली ती बहिणीला खोटं पाडायलाच. हात खांद्यापर्यंत आत गेला. पुरीतानं खालच्या भोकातून बारीक काडी आत सारली.

"आई गं! टोचलं!" सालुद म्हणाली. तिनं हात बाहेर काढला. मूठभर काळं, भुसभुशीत कुजलेलं लाकूड. "हे आतून रिकामं आहे," ती हळूच म्हणाली. "आणि ह्याच्याखाली माझा माणूस झोपतो."

"तुमच्या संशयानं पोखरलं!" आपो ओरडला.

"एका रात्रीत?" मागून म्हातारा सिम्प्लिसियो म्हणाला. त्यानं तीन कोंबड्या दिल्या होत्या.

आपो होडीकडं वळला. दुपारच्या भरतीला त्याची होडी निघाली, कोंबड्यांसकट.

कुऱ्हाड सालुदनंच आणली. आधी तेओदुलोला शेजारी हलवलं. दोर बांधून एकेक फांदी खाली घेतली, मग बुंधा घराच्या उलट बाजूला पाडला. पुरीता घरोघर फिरली. "मोडकं-वाळकं काढा, दाटी कमी करा. शेंडा मात्र तोडू नका, तिथून फुटलेल्या फांद्या पहिल्या वाऱ्याला मोडतात." निम्म्या गावानं ऐकलं. सिम्प्लिसियोच्या दारातला फणस एका बाजूला कलला होता, मुळाशी माती फुटली होती.

"मानॉय," पुरीतानं त्याला थोरल्या भावासारखी हाक मारली, "हा आज पाडा."

"भोंदू असेल तो," म्हातारा ओशाळून म्हणाला. "पण दोरा बांधलाय. आता फणस तोडला आणि काही झालं, तर?"

वादळ दुसऱ्या दिवशी दुपारी आलं आणि सहा तास थांबलं नाही. फणस मुळासकट घरावर पडला. सिम्प्लिसियोनं बायकोला बाहेर ढकललं होतं. त्याला स्वतःला निघता आलं नाही.

सिम्प्लिसियोच्या दफनाच्या दिवशी पुरीता बोलली.

"ढोलीत पावसाचं पाणी होतं. आपोनं खाली गिरमिटानं भोक पाडलं, मेणानं बुजवलं, मेणबत्तीनं वितळवलं. चमत्कार तो एवढाच. त्यापायी आपण वादळाच्या तोंडावर कोयते खाली ठेवले. झाड कुजलं की तडकतं, भुसा सांडतं, कलतं, पोकळ वाजतं. ते बघायला डोळे लागतात, आपो लागत नाही. प्रार्थना जरूर करा, पण आधी झाड ठोकून बघा. कुणी म्हणालं, बघू नकोस, नुसता विश्वास ठेव, तर त्याच्यापासून लांब राहा."

सिम्प्लिसियोची बायको उठली. "मागं एक नारळ उभा आहे," ती म्हणाली. "चल, बघून दे."