वेशीचा तुकडा

रघुवीरने पलंगाखालची ट्रंक ओढून काढली आणि तिच्यामागची जमीन पुन्हा एकवार चाचपली. हाती धुळीवाचून काही लागले नाही.

"अहो, केरही चाळून पाहिला मी," कुमुदिनी दारातून म्हणाली.

"मग काय हवेत विरला?"

पलंगावर त्यांची नऊ वर्षांची मंजुळा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मुदतीच्या तापाचा आज एकविसावा दिवस. एवढा दिवस निभावला तर पोर आपली, असे डॉक्टर सकाळी सांगून गेले होते. उशाशी पाटावर लाकडी तुकड्यांची संजा जुळवून ठेवली होती. तेरडा, कण्हेर, झेंडू यांच्या रंगवलेल्या पाकळ्यांनी मढवलेला किल्ला, आणि वेशीच्या जागी बोटभर भोक.

पितृपक्षात माळव्याच्या मुली रोज भिंतीवर शेणाची संजा काढतात, तीवर फुले डकवतात आणि अमावास्येला सारे नदीत सोडतात. यंदा मंजुळेला उठवत नव्हते. रघुवीर पाट्या रंगवणारा. वर्षभर तो सरकारी फळ्यांवरचे 'मध्यभारत' खरवडून 'मध्यप्रदेश' लिहीत आला होता. महूच्या एका साहेबाच्या बंगल्यात त्याने जुळवायच्या तुकड्यांचे चित्र पाहिले होते. तशी त्याने फळीवर संजा रंगवली आणि शेजारच्या दौलतराव सुताराकडून तिचे चौसष्ट तुकडे करवून घेतले.

"भिया, लोक माझ्याकडे मोडलेलं जोडायला आणतात. तू चांगलं तोडायला घेऊन आलास," दौलतराव म्हणाले होते. मात्र पोरीच्या बोटात कुसळ जाऊ नये म्हणून प्रत्येक कड त्यांनी स्वतः घासून दिली.

सोळा दिवस, रोज चार तुकडे. चित्र पुरे होईल त्या दिवशी ताप उतरेल, अशी खूणगाठ रघुवीरने मनाशी बांधली होती. बायकोलाही ती त्याने सांगितली नव्हती.

"दौलतरावांकडून नवा कापून आणतो," तो उठला. "दिवस मावळायच्या आत बसवायलाच हवा."

गल्लीतून गाणी ऐकू आली. छत्रीबागेतल्या मुली टोपल्या घेऊन खान नदीकडे निघाल्या होत्या.

"बाबा, त्या संजाला सोडायला चालल्या?"

"हो, बेटा."

"पुरी झाली म्हणून?"

"हो. पुरी झाली की घरात ठेवत नाहीत. रीतच आहे तशी."

मंजुळेने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढले. कपाळावरची पट्टी घसरली, ती सारखी करायला रघुवीर वाकला. पांघरुणाबाहेर राहिलेली तिची डावी मूठ त्याने आत सारण्यासाठी हाती घेतली. मूठ तापाने भाजत होती. बोटांच्या फटीतून लाकडाची घासलेली कड आणि तीवरचा झेंडूचा पिवळा रंग दिसत होता.

त्याने वेशीच्या भोकाकडे पाहिले, मग पुन्हा त्या मुठीकडे.

"सापडला का हो?" कुमुदिनीने स्वयंपाकघरातून विचारले.

त्याने ती मूठ अलगद पांघरुणात सरकवली.

"नाही. दौलतरावांकडेच राहिला असेल."

"मग जाताय ना?"

"आज दुकान बंद असतं त्यांचं."

भिंतीपलीकडे दौलतरावांची करवत चालू होती. कुमुदिनी बाहेर आली, ऐकत उभी राहिली. रघुवीरने तिच्याकडे पाहिले नाही. तो पाटापाशी बसला आणि बुरुजावरचा एक तुकडा नखाने उचकटून त्याने सदऱ्याच्या खिशात टाकला.